येथे राजाचे पडाव लागत असत

कुंभकोणमला देव दुपारी झोपतात. बाराच्या सुमारास देवळांची दारं बंद होतात ती चारनंतरच उघडतात. माझा सगळा धंदा या झोपेभोवती फिरतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना आमच्या भागातली देवळं दाखवणं हे माझं काम. देवळं दाखवायला फारशी अक्कल लागत नाही. देव जागा असला की तोच माणसांना सांभाळून घेतो. अक्कल लागते ती देव झोपल्यावर. बसभर माणसं, पोटात सांबार-भात, डोक्यावर ऊन, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "राव, आता काय?"

हा लेख त्या 'आता काय'बद्दल आहे. पण लिहिण्याआधी मला माफी मागायची आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी गेल्या काही वर्षांत इकडे आलं असेल, तिरुविडैमरुदूरच्या पुढे नदीकाठच्या एका खेड्यात बसमधून उतरलं असेल, आणि तिथल्या कमरेएवढ्या दगडाला हात लावून डोळे मिटले असतील, तर त्यांनी मला क्षमा करावी. त्या दगडाला घोडा कधीच बांधला गेला नव्हता.

माझ्या बायकोच्या मते माफी हे माझं व्यसन आहे. मी रिक्षा थांबवली तर रिक्षावाल्याची माफी मागतो, आणि नाही थांबवली तरी मागतो. देवळात गर्दी असली की यात्रेकरूंच्या वतीने देवाची आणि देवाच्या वतीने यात्रेकरूंची. या धंद्यात ते खपूनही जातं, कारण आलेल्या माणसाची काही ना काही तक्रार असतेच. मुख्य तक्रार चहाची. जगभरातले लोक कुंभकोणमच्या कॉफीचं कौतुक करतात, आमची मराठी मंडळी पितळेच्या डबरा-पेल्यातली ती सुंदर कॉफी हुंगतात आणि विचारतात, "चहा नाही का हो मिळणार?" दुसरी तक्रार माझ्या बोलण्याची.

आम्ही तंजावरचे मराठी. भोसल्यांच्या राज्यात इकडे आलो ते परत गेलोच नाही. बाहेर तमिळ, घरात मराठी. पण हे घरातलं मराठी तिथून निघालं तेव्हाच्या वेशातच राहिलं. मी पहिल्यांदा एका गटाला म्हणालो, "उदईक पहाटे निघणें आहे," तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. एक गृहस्थ म्हणाले, "राव, तुम्ही बखरीतून उठून आल्यासारखे वाटता." पुढे पाहुण्यांकडून आणि त्यांनी बसमध्ये विसरलेल्या दिवाळी अंकांतून मी आजचं मराठी शिकलो. सगळं शिकलो असं मला वाटलं होतं. एक शब्द राहिला.

त्या खेड्याचं नाव पडवुत्तुरै. पडवु म्हणजे होडी आणि तुरै म्हणजे घाट. कावेरीला पाणी असायचं तेव्हा हे व्यापाराचं बंदर होतं. आता बंदर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जहाजं आणू नका. (आणि मुलांना आधीच समजावून सांगा. 'जुने बंदर पाहायला चला' असं मी म्हटल्यावर एक मुलगा अर्धा तास झाडांवर माकड शोधत फिरला होता.) नदीला उतरत्या दगडी पायऱ्या, वर धान्याच्या वखारीच्या पडक्या भिंती, आणि पायऱ्यांच्या तळाशी होड्या बांधायचा दगड, एवढंच ते बंदर. नदी भरली की इथून तांदूळ समुद्राकडे जाई आणि तिकडून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. मग रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, नदीतलं पाणी वरच्या धरणाच्या मर्जीवर गेलं आणि बंदराची वाळू झाली.

आमच्या मूळ पुरुषाने तलवार घेऊन दक्षिण जिंकली असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण आमच्या घरात चालत आलेली गोष्ट अशी, की तो दौत-लेखणी घेऊन आला आणि याच घाटावर राजाच्या जकातीच्या चौकीत बसला. म्हणजे होडीवाल्यांनी घाम गाळून होडी भरायची आणि माझ्या पूर्वजाने सावलीत बसून तिच्यावर जकात घ्यायची. याबद्दल मी पाप्पाम्माची माफी मागितली आहे.

पाप्पाम्मा म्हणजे घाटावर चहाची टपरी चालवणारी बाई. सत्तरीची, काटक, कानात जड कुड्या, आणि गावात उरलेल्या एकमेव होडीवाल्या घराची सून. मी हात जोडून पूर्वजाबद्दल बोलू लागलो तेव्हा ती दूध ओतत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "राव सार, चहा घेणार की नाही तेवढं सांगा."

तिच्या चहामुळेच मी गटांना तिथे नेऊ लागलो. सकाळी पट्टीश्वरम्‌ची दुर्गा, मग नाचियार्कोविल्‌ला पितळी दिव्यांची खरेदी, जेवण, आणि देव झोपले की पडवुत्तुरै. सावली होती, चहा होता, आणि मला गावाचा इतिहास सांगायला मिळायचा. पुढचं सगळं त्या इतिहासातल्या एका वाक्यामुळे झालं.

घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून मी म्हणालो, "येथे राजाचे पडाव लागत असत."

गट पुण्याकडचा होता. जांभया थांबल्या. टोपीवाल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या राजाचे?"

"तंजावरच्या."

"म्हणजे आपल्याच!"

"होय. ओळीने लागत. हा काठ भरून जात असे."

"रात्री मुक्काम?"

"होय. पहाटे निघत."

"आणि तो दगड?"

"त्याला बांधत असत."

गृहस्थांनी बूट काढले. त्यांच्या मागोमाग सगळ्या गटाने चपला काढल्या आणि ते तापलेल्या पायऱ्यांवरून उड्या मारत दगडापाशी गेले. एका बाईंनी माती कपाळाला लावली. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, देशावरची माणसं, पाण्याचं दुर्भिक्ष पाहिलेली, यांना होड्यांचं केवढं अप्रूप!

पुढच्याच महिन्यात दुसरा गट आला आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाला, "ती मराठ्यांच्या छावणीची जागा दाखवणार ना?" मी म्हणालो, कसली छावणी? त्यांनी फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात पाप्पाम्माचा घाट होता, मागे ढोल वाजत होते, आणि टोपीवाले गृहस्थ भरल्या गळ्याने सांगत होते, की याच ठिकाणी राजाचा पडाव पडत असे आणि याच दगडाला घोडे बांधत असत.

तेव्हा मला कळलं, की आजच्या मराठीत पडाव म्हणजे मुक्काम, तळ. आमच्या घरात पडाव म्हणजे माल वाहणारी मोठी होडी. तमिळमध्येही होडीला पडवुच म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे तो शब्द कधी गंजला नाही. तिकडे त्याची होडी बुडाली आणि तंबू उभे राहिले, हे मला कुणी कळवलं नव्हतं.

मी लगेच, त्याच स्टेशनवर, त्या गटाची माफी मागितली. "चूक माझी आहे. पडाव म्हणजे होडी. घोडे नव्हते."

गट एकमेकांकडे बघून हसला. एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "समजलं, राव. इथे राहायचं म्हणजे तुम्हाला असं दबून बोलावं लागतं. आमच्यासमोर मोकळेपणाने बोला." आणि त्यांनी डोळा मारला.

मी प्रत्येक गटाला सांगत राहिलो. कुणी माझ्या नम्रतेचं कौतुक केलं, कुणी खांदे थोपटले. मी म्हणालो, अहो, गावाच्या नावातच होडी आहे, पडवुत्तुरै! त्यावर एक बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "बघा! नावातच पडाव आहे!" वाळूने भरलेल्या नदीकडे बोट दाखवून मी होड्या सांगत होतो. माझ्यावर विश्वास ठेवायला नदीत पाणीसुद्धा नव्हतं.

आमचा बसचा ड्रायव्हर सेल्वम याचं मत वेगळं होतं. "सार, होडी सांगितली तर हे लोक होडीत बसायला मागतील. आणणार कुठून? घोडा बरा. घोडा मेला म्हणून सांगता येतं."

खरी फितुरी मात्र पाप्पाम्माने केली. तिला मराठीतला एकच शब्द आला, आणि तो तिने पुरेपूर वापरला. बस थांबली की ती टपरीतून हात उंचावून ओरडे, "वाङ्गो, वाङ्गो!" म्हणजे या, या, आणि मग, "घोडा! राजा घोडा!" दगडाशेजारी पायरीत एक खळगा आहे. तिची सासू त्यात मिरच्या कुटत असे, हे तिनेच मला सांगितलं होतं. आता ती तो खळगा घोड्याचा चंदी खायचा हौद म्हणून दाखवू लागली. सोलापूरच्या एका आजींनी त्यात भिजवलेले हरभरे ठेवले आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर उकडलेले हरभरे मिळू लागले, वाहायलाही आणि खायलाही. एक तरुण तर त्यातला एक हरभरा प्रसाद म्हणून चघळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अजून तिखट लागतोय, राव. काय खात असतील ती घोडी!"

मी पाप्पाम्माला म्हणालो, "हे खोटं आहे. पाप लागेल."

"राव सार, त्यांना घोडा पाहिजे. मी घोडा देते. तुम्ही त्यांना आठ देवळांत आठ वेळा सांगता की हा देव सगळ्यात जागृत. मी काही बोलते?"

मी पट्टीश्वरम्‌च्या दुर्गेपुढे जाऊन कबुली दिली. तिच्यापुढे रोज इतकी माणसं मोठमोठी गाऱ्हाणी घेऊन येतात, की माझ्या व्याकरणाच्या पापाकडे तिचं लक्ष गेलं असेलसं वाटत नाही.

असं हसतखेळत चाललं होतं, आणि दळवीसाहेब आले.

दळवीसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रुंद छाती, मिशांना पीळ, आणि मे महिन्याच्या उन्हात डोक्याला फेटा. ते दगडापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "राव, आमचं नावच दळवी. दळातले. आमचे पूर्वज घोडदळात होते. ते इथे आले असणार. मला आतून जाणवतंय." मी नेहमीप्रमाणे माफी मागून होडीचं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे माझी पाठ थोपटली.

इतरांसारखे ते विसरले असते तर बरं झालं असतं. पण पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांचा फोन आला, की घोड्याचा पुतळा बसवायचा. सिमेंटचा, खऱ्या घोड्याएवढा, स्वखर्चाने. जागा घाटाच्या वर, डांबरी रस्त्याला लागून. आणि तो दगड खालून उपटून वर आणायचा, चौथऱ्यावर घोड्याशेजारी उभा करायचा, "कारण राव, ज्येष्ठ नागरिकांना त्या पायऱ्या उतरवत नाहीत."

पंचायतीच्या अध्यक्षांना आनंद झाला. फुकटात पुतळा कोण नाही म्हणतो? बोलणी माझ्यामार्फत झाली. मी या टोकाचा आनंद त्या टोकाला आणि त्या टोकाचा या टोकाला पोचवत होतो. मध्ये मध्ये "पण तिथे घोडा नव्हता" हेही दोन्ही भाषांत पोचवत होतो. ते कुठेच उतरून घेतलं जात नव्हतं.

पाप्पाम्माला ही बातमी मी सांगितली. पुतळ्याचं ऐकून ती खूश झाली. दगड हलवणार म्हटल्यावर तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कुठं हलवणार?"

"वर. रस्त्याला."

"पाण्यापासून लांब?"

इथे मला तिच्या घरची एक रीत सांगायला हवी. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, आमच्याकडे नदीचा सण असतो. धरणाचं पाणी सोडलेलं असतं, बायका नदीला हळदकुंकू, फुलं, काळे मणी वाहतात. त्या दिवशी पाप्पाम्माच्या घरचं माणूस त्या दगडाला तेल लावून नवा दोर बांधतं. होडी नाही, तरी दोर बांधतात. दोराचं मोकळं टोक पाण्यात सोडतात. नदी येते ती त्या दोराला शोधत, असं ते घर मानतं. नवरा होता तोवर त्याने बांधला. तो गेल्यावर ती बांधते. मुलगा तिरुप्पूरला गिरणीत आहे, त्याला सुट्टी मिळत नाही.

"दगड वर नेला तर दोर कुठं बांधू?" ती म्हणाली. "सिमेंटच्या घोड्याच्या गळ्यात? नदी रस्त्यावर येईल का शोधत?"

"पण पाप्पाम्मा, घोडा घोडा तुम्हीच करत होता."

"मी घोडा विकला. दगड नाही विकला." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही खरं सांगा ना त्यांना."

"रोज सांगतो!"

"कसं सांगता? हात जोडून, मान खाली घालून. खरं बोलणारा असा दिसतो का? नाचियार्कोविल्‌ला दिव्याचा भाव सांगताना तुम्ही माफी मागता? तसं सांगा. भाव सांगितल्यासारखं."

माझ्या बायकोने एवढी वर्षं जे माझ्या डोक्यात घालायचा प्रयत्न केला ते या बाईने चहाच्या एका उकळीत सांगितलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. घाटावर मांडव, अध्यक्षांच्या अंगावर नवं पांढरं धोतर, लाउडस्पीकर, पायऱ्यांशेजारच्या उतारावर दगड उपटायला आणलेला जेसीबी. घोडा छोट्या लॉरीत आडवा पडून आकाशाकडे बघत होता. वाटेत त्याच्या एका कानाचा टवका उडाला होता. दळवीसाहेब गट घेऊन आले होते. सोबत त्यांची थोरली बहीण होती, सगळे तिला माई म्हणत होते. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, पाठीत वाकलेल्या. त्यांना रामेश्वरला जायचं होतं, वाटेत हे. मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या टॉवेलने वारा घेत होत्या आणि कशातच त्यांचं लक्ष नव्हतं.

अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं, की आता राव सार प्रसंगम करतील. तमिळमध्ये प्रसंगम म्हणजे भाषण. मराठीत प्रसंग म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यावर दोन्ही एकदम आले.

मी माइक धरला. "सर्वप्रथम मी आपणां सर्वांची क्षमा..."

टपरीतून पाप्पाम्मा खोकली.

मी थांबलो. मान वर केली. भाव सांगितल्यासारखा म्हणालो, "पडाव म्हणजे होडी. इथे राजाच्या होड्या लागत. हा दगड होडी बांधायचा आहे. इथे घोडा नव्हता. दगड पाण्याशीच राहिला पाहिजे." मग हेच तमिळमध्ये म्हणालो. एकदाही माफी न मागता, आयुष्यात पहिल्यांदा.

दळवीसाहेब उठले, त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "ही तंजावरच्या मराठ्यांची नम्रता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेसीबी सुरू झाला.

म्हणजे भाव सांगूनही गिऱ्हाईक फिरकलं नाही. मी हार घालून तसाच उभा राहिलो. माझ्या शेजारून पाप्पाम्मा गेली. पायऱ्या उतरून, वाळूत, दगडाला पाठ लावून बसली आणि दोन्ही हात मागे नेऊन तिने दगड धरला. जेसीबीचा पंजा थबकला. ती ओरडत होती. इतक्या वर्षांत मी तिला गिऱ्हाईकांना बोलावण्याखेरीज ओरडताना ऐकलं नव्हतं.

"काय म्हणतायत त्या?" दळवीसाहेबांनी विचारलं.

"म्हणतात, आधी मला उचला. म्हणतात, माझा सासरा तंडल होता, त्याचा बाप तंडल होता, या दगडाला माझ्या घरचा हात आहे."

"तंडल म्हणजे?"

उत्तर मी देणार तोच मांडवातून आवाज आला. "कोण तांडेल?"

माईंनी टॉवेल बाजूला ठेवला होता. "तांडेल म्हणाली ना ती? आणि हा मघाशी पडाव म्हणाला. बाळू, मेल्या, हे बंदर आहे!"

मिशांना पीळ दिलेल्या माणसाला कुणीतरी बाळू म्हणालेलं ऐकून सगळा गट दळवीसाहेबांकडे वळून बघू लागला. माई उठल्या. ज्येष्ठ नागरिकांना घाट उतरवत नाही म्हणून हा सगळा खटाटोप होता. तिथली सर्वांत ज्येष्ठ नागरिक मला हात लावू न देता माझ्या आधी खाली पोचली. पाप्पाम्माच्या खांद्यावर एक हात टेकून त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं दगडाच्या खाचांतून फिरवली. खाचा वर-खाली आहेत, घासून गुळगुळीत झालेल्या.

"या खाचा दोराने पडल्यात. पाणी चढलं की पडाव वर, उतरलं की खाली. म्हणून खाचा अशा. घोडा काय रे भरती-ओहोटीला वरखाली होतो?"

कावेरीला इथे भरती-ओहोटी नसते, पूर असतो. पण ही दुरुस्ती मी गिळली.

"अगं माई, पण आपले पूर्वज घोडदळात..."

"तुला कोणी सांगितलं? आपल्या घरात कोणी कधी गाढवावर बसलं नाही. आजोबा तांडेल होते, पडाव हाकायचे. खाडीतनं कौलं नि भात न्यायचे. तुला पडावात घातलं की तू ओकायचास."

हसू आवरणं कठीण होतं, पण दळवीसाहेबांचा चेहरा पाहून मला हसवेना. त्यांनी फेटा काढला. आतून टक्कल घामाने भिजलेलं. ते हळूहळू खाली आले, जेसीबीपर्यंत गेले, आणि मला विचारलं, "थांबवा, याला तमिळमध्ये काय म्हणतात?"

"निरुत्तु."

"निरुत्तु!" ते इतक्या जोरात ओरडले की ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. मग ते पायरीवर बसले. "शाळेत मला तांडेलाचा म्हणून चिडवायचे, राव," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अंगाला सुकटाचा वास येतो म्हणायचे. घोडदळ मला फार बरं वाटलं होतं."

मी त्यांची माफी मागितली. या वेळी ते माझ्या पाठीवर थाप मारायला उठले नाहीत. "तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होता," ते म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी इतके उन्हाळे घसा कोरडा केला होता.

घोड्याचं काय करायचं हे सेल्वमने सोडवलं. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या वेशीवर अय्यनार नावाचा राखणदार देव असतो. तो रात्री घोड्यावरून गस्त घालतो, म्हणून लोक त्याला मातीचे, सिमेंटचे घोडे वाहतात. पडवुत्तुरैच्या अय्यनारचा एक घोडा मागे पावसात कोसळलाच होता. अध्यक्षांचं धोतर वाया गेलं नाही, लॉरी तशीच वेशीकडे वळली, आणि संध्याकाळपर्यंत टवका उडालेल्या कानासकट घोडा देवाच्या सेवेत रुजू झाला. दळवीसाहेबांनी चौथऱ्यासाठी 'घोडदळाच्या वंशजाकडून' अशी पाटी करून आणली होती. ती त्यांनी परत नेली आणि दुसरी पाठवली. आता त्या घोड्याखाली मराठीत आणि तमिळमध्ये लिहिलं आहे, 'तांडेलाच्या नातवाकडून'. गावात नवा आलेला माणूस ते वाचून बराच वेळ तिथे उभा राहतो.

तोटाही लिहायला हवा. हल्ली मी सगळं सरळ सांगतो. व्हिडिओ बघून येणाऱ्यांना घोडा नाही म्हटलं की अर्धे बसमध्येच बसून राहतात. काही गट दुपारी थेट कापडाच्या दुकानात जातात. पाप्पाम्माचा चहा पूर्वीसारखा खपत नाही, हरभरे तर तिने बंदच केले. कोकणातली मंडळी येतात, दगडापाशी रेंगाळतात, पण त्यांना चहापेक्षा माशांची चौकशी जास्त. मी तिच्या टपरीपुढून जाताना खाली मान घालतो. ती म्हणते, "पुन्हा सुरू झालं का तुमचं?"

यंदा आडीच्या अठराव्या दिवशी पाणी वेळेवर आलं. गढूळ, फेसाळ, पण पुरेसं. दगड अर्धा बुडाला होता. माईंनी कोकणातून काथ्याचा दोर पाठवला होता. रामेश्वर करून त्या घरी पोचल्या तेव्हापासून त्यांचा तोच ध्यास होता. मी गुडघाभर पाण्यात, एका हाताने धोतर सावरत, दुसऱ्या हाताने व्हिडिओ कॉल धरून उभा होतो. पाप्पाम्माने तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि दोर घेऊन गाठ मारली.

"तशी नको गो!" माई फोनमधून ओरडल्या. "सुटेल! खालून घे, खालून!"

पाप्पाम्माने तमिळमध्ये उत्तर दिलं, की तुमच्या खाडीत घ्या खालून, ही कावेरी आहे, हिला वरूनच घ्यायचं असतं. तरी तिने गाठ सोडली, खालून घेऊन पाहिली, तोंड वाकडं केलं, पुन्हा सोडली. माई तिकडे स्वतःच्या पदराची गाठ मारून दाखवत होत्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, आणि दोघींनाही दुसरीचं सगळं कळत होतं.

"माई, त्या म्हणतायत की..." मी सुरुवात केली. मग इकडे वळून, "पाप्पाम्मा, त्यांचं म्हणणं असं..."

"राव सार," पाप्पाम्मा दोर आवळत म्हणाली, "तुम्ही बोलू नका. फोन तेवढा नीट धरा. तिला पाणी दिसत नाहीये."

मी फोन खाली, पाण्याच्या अगदी जवळ नेला.